एका लॅपटॉपात दोन राखणदार

ब्रह्मपुरी, १९ ऑगस्ट

रोशनी,
जय भीम.

फोन तू उचलत नाई, मेसेज पाहत नाई, आन परवापासून नंबरच बंद दाखवून राह्यला. म्हणून कागद घेतला. कॉम्प्युटरवाला प्रफुल पाकिटावर तिकीट चिकटवून राह्यला हे पाहून पोस्टातली बाई हसली. हसू दे. तिले काय माहीत आमच्या घरात काय चालू आहे ते.

आई दोन घास खाऊन ताट सरकवते. बाबा रोज सकाळी पेपर घेऊन बसतात आन पान उलटतच नाई. दोघंही एकच म्हणतात, रोशनीले घरी घेऊन ये. मी कसा आणू? तू भामरागड तालुक्यातल्या त्या क्वार्टरात दार लावून बसली. नदी उतरते, पुन्हा चढते, बस कधी जाते कधी नाई.

हे पाय, मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे, म्हणून ऐकून घे. जुरी मेली यात तुझा काईच दोष नाई. खाली चटईवर झोपलेल्या बाईले मण्यार चावला. नवऱ्यानं, त्या चैतूनं, उजाडल्यावर खाटेवर टाकून तिले तुझ्या आरोग्य पथकात आणलं. डॉक्टर पुराच्या पलीकडं अडकलेले, मोबाईलची रेंज गेलेली, चालू होतं ते फक्त छतावरच्या छत्रीचं नेट. सापाचं औषध फ्रिजमध्ये होतं, पण डॉक्टरले विचारल्याबिगर ते चढवायची तुले परवानगी नाई. लॅपटॉपवर डॉक्टर लागले नाई, तं तू काय करशील? शेवटी आपल्या जबाबदारीवर तू चढवलंच ना. उशीर झाला, हे खरं. पण तू हातावर हात ठेवून बसली नव्हती. एका हातानं कॉल लावत होती आन दुसऱ्या हाताच्या बोटानं तिच्या पापण्या वर करून पाहत होती. ओढणीनं तिची लाळ पुसत होती. निष्काळजी नर्स असं करते काय? चौकशीत हे ठासून सांग. डरू नको.

आन एक. तो लॅपटॉप कोणाले उघडू देऊ नको. सरकारी माणसानं मागितला तं म्हण, खराब आहे, माझा भाऊ येऊन पाहीन. मी येतो रस्ता सुरू झाला की. तोवर त्याले चार्जिंगले पण लावू नको.

आईनं तुझ्यासाठी जवसाची चटणी करून ठेवली आहे. कोणी येणारं भेटलं की पाठवतो.

तुझा,
दादा


ब्रह्मपुरी, २ सप्टेंबर

रोशनी,

तुझं कार्ड काल भेटलं. दोन ओळी. 'त्या खोलीत मी, जुरी आन चैतू, तिघंच होतो. पापण्याचं तुले कोणी सांगितलं?'

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ते कार्ड किती वेळ पाहत बसलो, मलेच माहीत नाई. मग तुले उत्तर लिहिलं की पेपरात आलं होतं. फाडलं. मग लिहिलं की चैतूनं कोणाले सांगितलं, त्यानं मले. तेही फाडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असंच असते. मीच आपल्या तोंडानं सांगून बसलो होतो.

मले लॅपटॉपातून दिसलं.

दोन वर्षांमागं चंद्रपूरच्या त्या मुलाशी तुझं जमलेलं लग्न तू मोडलं. कारण सांगितलं नाई. आई रडली, बाबा गप झाले, आन नातेवाईक मले विचारत होते, काऊन बा, बहिणीच्या मनात दुसरं कोणी आहे काय. मग तुझी बदली भामरागडले झाली. मी तुले नवा लॅपटॉप दिला, तू किती खूष झाली होती. त्यात मी एक प्रोग्राम टाकून दिला होता. तू काय टाईप करते, पडद्यावर काय आहे, समोर कोण बसलं आहे, दर पाच मिनिटाला एक फोटो, सगळं माझ्या दुकानात येत होतं. मनाले सांगितलं, जंगलातली पोस्टिंग आहे, काळजी म्हणून करून राह्यलो. रोशनी, ती काळजी नव्हती. मले माहीत करून घ्यायचं होतं.

काय दिसलं? काईच नाई. लसीकरणाच्या याद्या. गरोदर बायांची नावं. जेवताना ताट लॅपटॉपसमोर ठेवून जुन्या मालिका पाहणारी तू. आईले लिहायला घेतलेलं आन अर्ध्यावर सोडलेलं एक पत्र, त्यात एवढंच की मले इथी बरं वाटते, पण सांगितलं तं तुम्हाले वाईट वाटन. दुसरं कोणी असतं तं त्यानं त्या दिवशीच प्रोग्राम काढून टाकला असता. मी नाई काढला. सवय लागली होती. सकाळी दुकान उघडलं, अगरबत्ती लावली, तुले पाहिलं, मग कामाले लागलो.

आता पुढचं ऐक, ते याच्याहून वाईट आहे.

मे महिन्यात तू फोन केला होता. म्हणाली, दादा, या लॅपटॉपात कोणी तरी आहे, कॅमेऱ्याचा लाईट आपोआप पेटते, मले एकटीले भेव वाटते. मी हसलो होतो. म्हटलं, जंगलात राहून तुले भूतं दिसून राह्यले. मग तुमच्या औषधवाल्या सैफनं पेन ड्राईव्हमधून तुले एक अँटिस्पायवेअर टाकून दिलं, हेरगिरी पकडणारं. तू मले विचारलं, तू टाकलेला अँटिव्हायरस आधीच आहे, आता हे दुसरं, दोन्ही संगं चालतात काय?

हा प्रश्न मले दुकानात रोज विचारतात. उत्तर मले झोपेत येते. चालतात, पण एका म्यानात दोन तलवारी ठेवायच्या असल्या तं एक मुठीपर्यंत आत पाहिजे. दिवसभर जागा राहणारा राखणदार एकच ठेवायचा. दुसऱ्याले आठवड्यातून एकदा आपण हाक मारायची, त्यानं तपासून झोपून जायचं. आन दोघांच्याही यादीत लिहून ठेवायचं की हा दुसरा आपला माणूस आहे, याले धरू नको. नाई तं दोघं एकमेकालेच चोर समजतात, एकमेकाचीच झडती घेत बसतात, आन मशीन तापून बसून जाते.

तुले मी हे सांगितलं नाई. काऊन? त्या यादीत माझ्या प्रोग्रामचं नाव होतं. अँटिव्हायरसनं माझी चोरी धरू नये म्हणून मीच ते लिहून ठेवलं होतं. तू यादी उघडली असती तं तुले दिसलं असतं. म्हणून मी म्हटलं, चालतात बिनधास्त, दोघं असले की दुप्पट राखण, कशालेच हात लावू नको. तू म्हणाली, बरं झालं तुले विचारलं.

जुरीले आणलं त्या दिवशी, २६ जुलैले सकाळी, हेच झालं. सैफचं सॉफ्टवेअर माझ्या प्रोग्रामले धरत होतं. माझा अँटिव्हायरस त्याले सोडवून परत आणत होता, आन सैफच्यालेच बेड्या घालत होता. ते पुन्हा उठत होतं. या मारामारीत लॅपटॉपले दुसरं काईच सुचत नव्हतं. तुझा कॉल 'जोडत आहे' च्या पुढं गेला नाई तो याच्यामुळं. नेट चांगलं होतं, रोशनी. कुंपणानंच शेत खाल्लं, आन ते कुंपण मी घातलं होतं.

नऊ दहा ते नऊ पंचेचाळीस, आठ फोटो आले. सकाळी दुकानात गर्दी होती, शाळेची प्रवेशाची कामं होती, म्हणून मी ते दुपारी पाहिले. तवा सगळं होऊन गेलं होतं.

माफी मागत नाई. मागायचं तोंड नाई.

प्रफुलदादा


ब्रह्मपुरी, १७ सप्टेंबर

रोशनी,

पाकीट उघडलं तं आत तुझं एक अक्षर नाई, फक्त चौकशीच्या नोटिशीची झेरॉक्स. मी ती दहा वेळा वाचली. 'रुग्णास औषध देण्यास पस्तीस मिनिटांहून अधिक विलंब. डॉक्टरांशी संपर्काचा प्रयत्न केल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. सबब सेवेतून कमी का करण्यात येऊ नये.' लॅपटॉप सुरू होत नाई, डॉक्टरकडं कॉल पोचलाच नाई, म्हणून त्यांच्या लेखी तू कॉल लावलाच नाई. तारीख चोवीस.

तू काय म्हणून राह्यली ते समजलं. पुरावा माझ्यापाशी आहे. पडद्याचे फोटो, प्रत्येकावर वेळ छापलेली, तू बारा वेळा कॉल लावलेला दिसते. दुसऱ्या कोणापाशी नाई.

खोटं नाई बोलत, पहिले दोन दिवस मी ते मिटवून टाकायचा विचार केला. तुझी वहिनी रिना म्हणाली, पोरीचं शिक्षण आहे, दुकान आहे, पोलीस आले तं गावात तोंड दाखवायले जागा राहणार नाई. ती चुकीचं नाई बोलली. मी फोल्डर उघडला, सगळं निवडलं, आन बोट बटनावर ठेवलं. तितक्यात पहिला फोटो मोठा झाला. चुकून हात लागला असन. जुरी खाटेवर पडली आहे, मान इकडं वळलेली, डोळे टक्क उघडे. कपाळावरचं गोंदण दिसते. तिले तं लॅपटॉप म्हणजे डॉक्टरच वाटत असन. तू सांगितलं असशील की यातून डॉक्टर बोलणार आहे. म्हणून ती इकडंच पाहत आहे. माझ्याकडं. दुसऱ्यात पापण्या जराशा खाली. चौथ्यात अर्ध्या. सहाव्यात तुझं बोट तिची पापणी वर धरून आहे, आन ती तरी इकडंच पाहून राह्यली.

तवापासून माझं काय झालं ते सांगतो, हसशील तं हस. कोणताही लॅपटॉप उघडला की मले कॅमेऱ्याच्या जागी तो डोळा दिसते. पहिले माझ्या लॅपटॉपवर मी आईची टिकली लावली. मग काऊंटरवरच्या सगळ्यांवर. परवा कॉलेजच्या मास्तरानं दुरुस्तीचा लॅपटॉप नेला आन परत येऊन म्हणाला, काय प्रफुलभाऊ, माझ्या लॅपटॉपले कुंकू लावून सोयरीक जमवली काय. सगळे हसले, मीही हसलो. घरी आई विचारते, माझी टिकल्यांची पाकिटं कुठी जाऊन राह्यली. टिकली लावून काय होते? दिवसा भर दुपारी, दारात ऊन पडलेलं असताना, माझ्या मानेवर कोणी तरी पाहून राह्यल्यासारखं वाटते. मी पाठ भिंतीले लावून काम करतो आता.

आन तो प्रोग्राम अजून मले रोज सकाळी नऊ वाजता एक मेल पाठवते. 'आज या उपकरणावर कोणतीही हालचाल नाही.' तो बंद करता येते. केला नाई.

काल बाबाले सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चप्पल घालून बाहेर गेले, बुद्धविहाराच्या पायरीवर अंधार पडेस्तोवर बसले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "चोवीस तारखेले तू जातो का मी जाऊ?"

मीच जातो. पेन ड्राईव्ह खिशात घेऊन येतो. तू माझ्याशी बोलू नको, माझ्याकडं पाहू नको, चालन. फक्त मी आलो की उठून जाऊ नको.

प्रफुल


ब्रह्मपुरी, २९ सप्टेंबर

रोशनी,

चोवीस तारखेले तू तिथीच होती, तरी मले लिहू दे. माझ्या जागेवरून जे झालं ते तुले माहीत नाई.

आलापल्लीपर्यंत बसच्या पुढं खाणीतल्या लोखंडाच्या दगडाचे ट्रक होते. त्या लाल धुळीत मी सगळ्या वाटेनं पाठांतर करत आलो, काय बोलायचं ते. सभागृहात आलो तं तू खिडकीजवळच्या खुर्चीवर. किती वाळली तू. चैतू भिंतीशी खाली बसलेला, पोरगी मांडीवर. तिले आईच्या कपाळासारखंच कपाळ आहे. हे मी पाहिलं आन पाठ केलेलं सगळं विसरलो.

चौकशीच्या साहेबाले पेन ड्राईव्ह दिला, काय आहे ते सांगितलं. त्यांनी प्रोजेक्टरनं भिंतीवर फोटो लावले. तुझे बारा कॉल, एकेकाची वेळ. साहेबानं चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, कॅमेऱ्याचेही आहेत काय. मी म्हटलं, आहेत, पण चैतूले बाहेर न्या. तू ते चैतूले त्याच्या माडिया बोलीत सांगितलं. तो हलला नाई.

आठही फोटो त्यानं उभं राहून पाहिले. मग हातानं खूण केली, मागं घ्या, मागं घ्या, पहिल्यावर आणा. डोळे उघडे असलेल्यावर. भिंतीजवळ जाऊन त्यानं तिच्या गालावर हात ठेवला, तं फोटो त्याच्याच हातावर पडला. पोरीले उचलून दाखवला. 

मग तो माझ्याकडं वळून काई तरी बोलला. साहेब तुले म्हणाले, सिस्टर, मराठीत सांगा. जुलैपासून तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आन जो बोलली तो त्याचा होता.

"तो विचारते, हे फोटो येत होते तवा हा कुठी होता?"

तू माझ्याकडं पाहिलं नाई. खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हटलं, "दुकानात गिऱ्हाईकात होतो. दुपारी पाहिले." तू ते माडियात सांगितलं. चैतूनं माझं तोंड पाहिलं. मग मान हलवून दोन वाक्यं बोलला, आन तू तीही सांगितली. "तो म्हणते, मग तुले माहीत नव्हतं. तुझ्यावर माझा राग नाई."

त्यानंतरचं तुले माहीत आहे. तुझ्यावरचा ठपका निघाला, रुजू व्हायचा आदेश निघाला. माझं बयान पोलिसांनी घेतलं, लॅपटॉप नेला, बोलावलं तवा यायचं म्हणून सांगितलं. जे होईल ते होईल. गावात तं उलटंच चालू आहे. लोक म्हणून राह्यले, चुकला, पण बहिणीसाठी भर सभेत उभा राह्यला. आईनं माझ्या आवडीचं बेसन केलं होतं. बाबानं खांद्यावर हात ठेवला. मी तो हात झटकला, आन ते समजले नाई काऊन ते.

आता ऐक. दुकानात त्या सकाळी एकही गिऱ्हाईक नव्हतं. पाऊस होता, शटर निम्मं खाली होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी खुर्चीवर होतो आन तू माझ्यासमोर होती. त्या प्रोग्रामची खिडकी पडद्यावर उघडी ठेवली की फोटो नाई, चालतं चित्र दिसते. चैतू खाट घेऊन आत आला तवापासून मी पाहत होतो. कॉल काऊन लागत नाई, ते मले तिसऱ्याच वेळेस समजलं होतं. तुझ्या पडद्याच्या कोपऱ्यात दोघा राखणदारांच्या चिठ्ठ्या एकामागून एक उठत होत्या, हा याले पकडलं म्हणते, तो त्याले पकडलं म्हणते.

त्या प्रोग्रामले हातही आहे, तुले हे सांगितलं नव्हतं. माझ्या माऊसनं तुझा बाण हलते. सैफनं टाकलेलं बंद करायले दोनदा दाबायचं होतं, बस. साडेनऊ वाजता मी माऊस धरला. बाण सरकवला. रडत-रखडत सरकला, पण सरकला. पहिल्यांदा दाबलं. तवा तू दचकून मागं झाली. तुझा हात जुरीच्या तोंडावरून सुटला. तू कॅमेऱ्यात पाहिलं आन तुझे ओठ हलले. आवाज येत नव्हता, पण मले समजलं. तू म्हटलं, कोण आहे?

मी हात काढून घेतला.

दुसऱ्यांदा दाबलं असतं तं कॉल लागला असता. तालुक्याच्या दवाखान्याचा नंबरही माझ्या फोनमध्ये होता, तूच दिला होता, अडीनडीले असू दे म्हणून. पुराच्या पलीकडं अडकलेले डॉक्टर तिथंच मोकळे होते, त्यांले विचारून मी तुझ्या पडद्यावर लिहू शकलो असतो. मी एवढंच मनात आणलं की रोशनीले समजन, कोण आहे ते. समजलं तं माझं काय. वाटलं, तू आपली सावरून घेशील. मग मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो आन सहावा, सातवा, आठवा फोटो येईस्तोवर पाहत राह्यलो. तिच्या पापण्या मिटल्या त्या मी मिटताना पाहिल्या, रोशनी. तुझ्याही आधी पाहिल्या, तू तवा औषधाची बाटली फोडून राह्यली होती.

हेच सगळं साहेबाले आन ठाण्यात लिहून पाठवलं, आज रजिस्टर पोस्टानं. पावती पाकिटात ठेवली आहे, खोटं वाटू नये म्हणून. पण चैतू वाचत नाई, आन मले माडिया येत नाई. त्यानं ज्याले माफ केलं तो दुकानात गिऱ्हाईक करून राह्यलेला माणूस होता. तसा माणूस नव्हताच त्या दिवशी. माझं खोटं त्याच्या भाषेत तूच नेलं, तुले माहीत नसताना. खरंही आता तुलेच न्यावं लागन, दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते त्याच्यापर्यंत पोचणार नाई.

जास्त काई सांगू नको. त्याच्या घरी जा, पोरगी झोपली असन तवा सांग. हा पाहत होता, म्हणावं. सगळा वेळ पाहत होता.

प्रफुल